कविवर्य रेव्हरंड ना. वा. टिळक

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी पुढे कल्याणच्या खाडीला जाऊन मिळते. अंबरनाथ पश्चिमेला राहणारी मुले आज आगगाडीत बसली, की थोड्याच वेळात कल्याणला पोहोचतात. याच कल्याण गावी १८६९ साली नारायण नावाचा एक सात वर्षांचा मुलगा शाळेत जाऊ लागला. हा मुलगा पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक या नावाने महाराष्ट्रात प्रसिद्ध झाला. फुलांमुलांचा कवी म्हणून मराठी वाचकांनी त्यांच्यावर प्रेम केले, आणि ख्रिस्ती भक्तीला अभंगाची वाणी देणारा संतकवी म्हणून मराठी ख्रिस्ती समाजाने त्यांना हृदयात स्थान दिले.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. त्यांचे वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. ते स्वभावाने कडक आणि तापट होते. मुलांना त्यांचा फार धाक वाटे. आई जानकीबाई मात्र मायाळू आणि भाविक होती. तिला पदे व ओव्या यांची मोठी आवड होती. तिच्या मुखातून ऐकलेले गोड शब्द लहानग्या नारायणाच्या मनात घर करून राहत. कवितेची गोडी त्याला लागली ती आईच्या सहवासात.

परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. नारायण लहान असतानाच आईचे छत्र हरपले. आई गेल्यावर त्याचे मन घरात रमेना. अखेर त्याने घर सोडले आणि नाशिकची वाट धरली. जवळ पैसा नव्हता. पुढे काय होईल हे ठाऊक नव्हते. विद्या मिळवावी एवढीच इच्छा होती. नाशिकला त्याला आश्रय मिळाला आणि एका पाठशाळेत तो संस्कृत शिकू लागला. त्याची स्मरणशक्ती तल्लख होती. संस्कृत काव्याचा त्याने मोठ्या आवडीने अभ्यास केला. पुढे दोन वर्षे तो इंग्रजी शाळेतही गेला. पण घरचा भार अंगावर पडल्याने शिक्षण अपुरे सोडून त्याला शिक्षकाची नोकरी पत्करावी लागली.

१८८० साली नारायणरावांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. याच पुढे 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका म्हणून गाजलेल्या लक्ष्मीबाई टिळक होत. लग्नाच्या वेळी त्या अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. लिहिणे-वाचणे त्यांना नीट येत नव्हते. ते त्या लग्नानंतर शिकल्या.

टिळकांचा संसार सुरू झाला; पण त्यांचे चित्त स्थिर नव्हते. एका गावी नोकरी धरावी, काही दिवसांनी ती सोडावी, दुसऱ्या गावी जावे, असा त्यांचा क्रम चाले. कधी ते शिक्षक होत, कधी संपादक. केव्हा केव्हा घरी काही न सांगताच ते निघून जात आणि लक्ष्मीबाई त्यांची वाट पाहत बसत. वडिलांचा तापटपणा त्यांच्यातही उतरला होता. राग आला, की तो आवरत नसे. तो उतरला, की ते तितकेच हळवे होत. हातात आलेला पैसा ते गरजवंताला देऊन टाकीत आणि घरात मात्र चणचण भासे.

या अस्थिरतेचे कारण केवळ स्वभाव हे नव्हते. त्यांच्या मनात एक मोठा शोध चालू होता. देव आहे, तर तो माणसाला कसा भेटेल? सर्व माणसे एकाच देवाची लेकरे असतील, तर त्यांच्यात उच्चनीच भेद का असावा? देशाचे भले व्हावे म्हणून कोणता धर्म उपयोगी पडेल? असे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नसत. साऱ्या माणसांना जोडणारा एखादा नवा धर्मच आपण स्थापावा, असेही त्यांच्या मनात येई.

१८९१ साली ते नागपूरला गेले. तेथे अप्पासाहेब बुटी या विद्याप्रेमी धनिकांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. त्यांच्या विद्वत्तेचा लौकिक वाढला. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले. या प्रवासाने त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले.

गाडीच्या डब्यात त्यांना एक परदेशी मिशनरी भेटला. त्या काळी युरोपीय लोक एतद्देशीयांशी बहुधा तुटकपणे वागत. या गृहस्थाचे वागणे मात्र सौजन्याचे होते. दोघांचे बोलणे काव्यावरून धर्माकडे वळले. निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती बायबलातील नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती अवश्य वाचावी अशी विनंती केली. दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. टिळकांना हे भाकीत विचित्र वाटले. पण पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले आणि ते पाळले.

वाचताना ध्यानात ठेवण्याजोग्या भागांवर पेन्सिलीने खुणा करण्याची त्यांची पद्धत होती. तशा खुणा करीत ते वाचू लागले. वाचता वाचता ते येशू ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले. जे नम्र आहेत, जे दयाळू आहेत, जे शांती करतात ते धन्य होत; शत्रूवरही प्रेम करावे; दान गुप्तपणे करावे; उद्याची चिंता देवावर सोपवावी, असा त्या प्रवचनाचा आशय आहे. ते वाचून टिळक स्तब्ध झाले. ज्यांची उत्तरे ते इतकी वर्षे शोधीत होते, त्या प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथे दिसू लागली. मग त्यांनी ख्रिस्ती धर्माचे पुष्कळ वाचन केले आणि स्वतःशी दीर्घ विचार केला. आपल्याला सत्य पटले आहे, तर ते उघडपणे स्वीकारले पाहिजे, असा त्यांचा निश्चय झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निश्चयाचे मोल त्यांना पुरेपूर द्यावे लागले. त्या काळी एखाद्या ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे घर, जात आणि गोत यांना एकाच क्षणी मुकणे होते. नातलगांनी त्यांच्याशी संबंध तोडले. सर्वांत मोठा आघात लक्ष्मीबाईंवर झाला. पदरी लहान मुलगा, पती जिवंत असून दुरावलेला, आणि समाजाचे बोलणे सतत कानांवर, अशी त्यांची अवस्था झाली. बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांच्या आधाराने त्यांनी ते दिवस काढले. त्यांचे पतीवर प्रेम होते. पण आपला धर्म आणि आचार सोडण्यास मन तयार नव्हते. अशा रीतीने सुमारे साडेचार वर्षे दोघे एकमेकांपासून दूर राहिले.

ख्रिस्ती धर्मात 'कृपा' या शब्दाला फार महत्त्व आहे. माणसाच्या योग्यतेकडे न पाहता देव त्याच्यावर जे प्रेम करतो, त्याला कृपा असे म्हणतात. ती विकत मिळत नाही. ती देणगी असते. परंतु शेतात बी पडले म्हणजे लगेच पीक हाती येत नाही. ते रुजावे लागते, वाढावे लागते. त्याचप्रमाणे देवाशी नित्य सहवास ठेवील, प्रार्थनेत त्याच्याशी मोकळेपणाने बोलेल आणि त्याच्या शिकवणीप्रमाणे चालेल, त्याच्या ठायी ही कृपा वाढत जाते, असे ख्रिस्ती लोक मानतात. बाप्तिस्म्याच्या दिवशी टिळकांच्या जीवनात हे बी पडले. पण तापट टिळक त्या दिवशी एकाएकी शांत झाले नाहीत. ते बी वाढण्यास पुढची चोवीस वर्षे लागली, आणि त्याची पहिली कसोटी त्यांच्या स्वतःच्या घरातच लागली.

टिळक अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या भागात अमेरिकन मराठी मिशनच्या कामात सहभागी झाले. तेथे धर्मोपदेशकांच्या विद्यालयात ते शिकवू लागले. कालांतराने लक्ष्मीबाई मुलासह त्यांच्याकडे आल्या. पतीजवळ राहायचे, पण सोवळे-ओवळे सोडायचे नाही, असा त्यांचा निर्धार होता. टिळकांना जातिभेद मुळीच मान्य नव्हता. पूर्वीचे टिळक असते तर त्यांनी रागाच्या भरात पत्नीचे सोवळे मोडले असते, नाही तर स्वतः घर सोडून निघून गेले असते. आता त्यांनी तसे केले नाही. लक्ष्मीबाईंचा स्वयंपाक आणि पाणी निराळे राहील, अशी व्यवस्था त्यांनी मान्य केली. त्यांच्या मनावर बळजबरी केली नाही. ज्या देवाने आपली इतकी वर्षे वाट पाहिली, त्याच्या भक्ताने दुसऱ्याची वाट पाहण्यास शिकलेच पाहिजे, हे त्यांच्या वागण्यातून दिसू लागले.

लक्ष्मीबाई बुद्धीने स्वतंत्र होत्या. डोळ्यांसमोर जे घडे, त्याचा त्या स्वतः विचार करीत. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागला. एके दिवशी त्यांचे मन निःशंक झाले. हा भेद देवाचा नव्हे, माणसांचा आहे, असे त्यांना पटले. त्या क्षणापासून त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास संकोच मानला नाही. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पतीच्या आज्ञेने नव्हे, स्वतःच्या विचाराने त्या या निर्णयाला आल्या होत्या. त्यामुळे तुटू पाहणारा संसार पूर्वीपेक्षा अधिक दृढ झाला.

टिळकांचे घर आता निराश्रितांचे घर बनले. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात कित्येक मुले अनाथ झाली. टिळकांच्या घरी अशा मुलांना आसरा मिळे. घरात सुबत्ता नव्हती. आलेला पैसा पूर्वीप्रमाणेच झटकन संपे आणि लक्ष्मीबाईंना काटकसरीने दिवस ढकलावे लागत. तरी दाराशी आलेले मूल परत जात नसे. ज्याची आई लहानपणीच गेली, त्याला पोरक्या मुलाचे दुःख दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

१९०४ साली टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. या काळात त्यांनी एका मोठ्या कार्याकडे लक्ष दिले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत त्या वेळी बहुतेक गीते इंग्रजी गीतांवरून भाषांतर केलेली आणि परदेशी चालींवर बसविलेली असत. शब्द मराठी असले, तरी ती गीते खेड्यापाड्यांतील भाविकांच्या काळजाला भिडत नसत. टिळकांनी ही उणीव ओळखली. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांची वाणी ज्या मातीत उमलली, त्याच मातीतील माणसाने देवाला परक्या सुरात का हाक मारावी, असा विचार त्यांनी केला. त्यांनी अभंग, ओव्या आणि पदे रचली. कीर्तनाचा उपयोग ख्रिस्ती उपासनेत पूर्वीही झाला होता. टिळकांनी त्याला नवे तेज दिले. त्यांची शंभरांहून अधिक गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत रूढ झाली, आणि आजही ती भक्तिभावाने गायिली जातात.

तुकारामांवर टिळकांची विशेष भक्ती होती. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. धर्म बदलला म्हणून त्यांनी आपल्या देशातील संतांचा आदर सोडला नाही. आपली भाषा, पोशाख आणि देशप्रेम यांनाही त्यांनी अंतर दिले नाही. ख्रिस्ती माणूस हा पूर्णपणे भारतीय असू शकतो व असावा, हे त्यांनी आपल्या आचरणाने दाखविले.

त्यांचे भक्तिपर अभंग 'अभंगांजली' या संग्रहात आहेत. या भक्तिकाव्यात देवाशी जडलेले निकटचे नाते दिसते. टिळक ख्रिस्ताला गुरू मानतात, सखा मानतात. पण त्याहून अधिक उत्कटतेने ते त्याला आई मानतात. लेकराने आईच्या पदराशी झोंबावे, रुसावे, हट्ट करावा आणि शेवटी तिच्या कुशीत विसावावे, तसे त्यांचे देवाशी वागणे आहे. जानकीबाई गेल्यावर नाशिकच्या वाटेने निघालेल्या मुलाला जी माया हवी होती, ती त्याला अखेर देवापाशी मिळाली. म्हणूनच त्यांच्या अभंगांत उपदेश थोडा आणि जिव्हाळा पुष्कळ आहे.

देवाशी जवळीक वाढली म्हणून टिळक जगापासून दूर गेले नाहीत. फुले, पाखरे आणि मुले यांच्यावर त्यांनी सुंदर कविता लिहिल्या. नव्या कवींना त्यांनी मायेने उत्तेजन दिले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतरा वर्षांच्या मुलाची कविता गाजली आणि त्याला 'बालकवी' हे नाव मिळाले. पुढे हा तरुण कवी काही काळ टिळकांच्या घरी राहिला. टिळक दांपत्याने त्याला पुत्रवत वागविले. तो ख्रिस्ती नव्हता. पण त्यामुळे प्रेमात काही कमी पडले नाही.

१९१२ सालापासून टिळक 'ज्ञानोदय' या पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. १८४२ साली सुरू झालेले हे पत्र ख्रिस्ती समाजाचे जुने मुखपत्र होते. टिळकांच्या लेखणीने त्यात जिवंतपणा आला. त्याआधीच १९०९ च्या सुमारास त्यांनी ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहावयास घेतले होते. त्यांच्या हातून त्याचे प्रारंभीचे अध्यायच पुरे झाले. एके काळी जिला अक्षरे नीट वाचता येत नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी पतीमागे साठांहून अधिक अध्याय रचून हे काव्य पूर्णत्वास नेले.

आयुष्याच्या उत्तरार्धात टिळकांच्या मनाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. पगार घेऊन देवाची सेवा करणे त्यांना पुरेसे वाटेना. पूर्वी भारतातील साधुसंत जसे सर्वस्व सोडून देवाच्या भरवशावर राहत, तसे आपणही राहावे, असे त्यांना वाटू लागले. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ते साताऱ्यास जाऊन राहिले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' या नावाने ख्रिस्तभक्तांचा एक मेळावा उभा केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्या ख्रिस्तप्रेमींनाही या दरबारात जागा होती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, संसाराची जबाबदारी असताना, नियमित उत्पन्न सोडणे हे सोपे नव्हते. काही मित्रांना हा विचार धाडसाचा वाटला. टिळकांची मात्र देवावर निष्ठा होती. तरुणपणी ते मनाच्या चंचलतेने नोकऱ्या सोडीत. आता त्यांनी वेतन सोडले ते मनाच्या स्थैर्याने. वरवर पाहता दोन्ही गोष्टी सारख्या दिसतात; पण त्यांच्यामध्ये बावीस वर्षांची साधना होती.

दरबाराचे कार्य वाढविण्यास त्यांना अधिक काळ मिळाला नाही. त्यांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाई त्यांच्यामागे सतरा वर्षे जगल्या. 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात त्यांनी पतीचे गुण प्रेमाने सांगितले आणि त्यांचे दोषही लपविले नाहीत. टिळकांचा राग, विसराळूपणा, उधळेपणा आणि त्याबरोबरच त्यांचे निर्मळ, उदार मन, हे सारे त्या ग्रंथात जिवंत झाले आहे. ते वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. टिळक जन्मतः साधू नव्हते. देवाची कृपा झाली म्हणजे माणूस एका दिवसात निर्दोष होतो, असेही त्यांच्या बाबतीत घडले नाही. रोजच्या प्रार्थनेने, रोजच्या सेवेने आणि घरच्या माणसांशी रोज नव्याने जुळवून घेतल्याने ते हळूहळू बदलत गेले.

आजही महाराष्ट्रातील एखाद्या लहानशा ख्रिस्ती मंदिरात रविवारी सकाळी टाळमृदंगाच्या साथीने अभंग सुरू होतो. गाणाऱ्यांत वृद्ध असतात, मुले असतात. शब्द सोपे असतात, चाल ओळखीची असते आणि देवाला मारलेली हाक आईला मारलेल्या हाकेसारखी असते. ती हाक मराठी ख्रिस्ती भाविकांच्या ओठी ठेवून टिळक गेले.